अंगातली ऊब आणि प्रोटॉनची चोरवाट

डिसेंबरातल्या एका पहाटेची गोष्ट आहे. माझी भाची बाळंतपणासाठी सदाशिव पेठेतल्या माहेरी आलेली होती आणि तिची मुलगी जेमतेम बारा दिवसांची होती. खोलीत शेगडी धगधगत होती, जुन्या खिडकीच्या फटींमध्ये चिंध्यांचे बोळे कोंबलेले होते, तरीही आम्ही मोठी माणसे शाली गुंडाळून कुडकुडत बसलो होतो. दुपटे बदलण्यासाठी बाळाला क्षणभर उघडे केले तेव्हा ते रडले, हातपाय झाडले, पण त्याला हुडहुडी काही भरली नाही. भाचीने विचारले, "मामा, आपले दात वाजतायत, मग हिला थरथर कशी सुटत नाही?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात माझ्या आईने बाळाला पालथे घेतले, त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये तळवा ठेवला आणि म्हणाली, "हात लावून बघ, इथे कशी छान ऊब आहे."

आईचा हात नेमका योग्य जागी पडला होता. नवजात बाळाचे स्नायू थरथरून उष्णता निर्माण करण्याइतके तयार नसतात. त्याऐवजी त्याच्या पाठीवर खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास एका खास प्रकारच्या चरबीचा साठा असतो. तिला तपकिरी मेद म्हणतात. आपल्या पोटावर साठते ती पांढरी चरबी हे इंधनाचे कोठार असते, तर तपकिरी मेद ही पेटती शेगडी असते. या शेगडीची चावी ज्या प्रथिनाच्या हाती असते त्याचे नाव यूसीपी-१ असे आहे. 'अनकपलिंग प्रोटीन' या नावाची ही आद्याक्षरे असून त्याचा सरळ अर्थ 'जोडणी सोडवणारे प्रथिन' असा होतो. कोणती जोडणी, आणि ती सोडवल्याने ऊब कशी निर्माण होते, हे समजण्यासाठी आधी पेशीच्या आत शिरावे लागेल.

आपल्या बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिका असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' म्हटलेले असते आणि बहुतेकांच्या लक्षात तेवढेच राहते. तंतुकणिकेला दोन आवरणे असतात आणि खरी सगळी गंमत आतल्या आवरणावर घडते. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन या आवरणातल्या प्रथिनांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतात. आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनपैकी बहुतेक सगळा इथेच खर्च होतो. या हस्तांतरणात जी ऊर्जा मोकळी होते तिच्या जोरावर साखळीतली काही प्रथिने आतले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, उपसून आवरणाच्या बाहेरच्या बाजूला टाकतात. बाहेर प्रोटॉनची गर्दी होते, आत त्यांची टंचाई होते आणि आवरणाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ते आवरण एका मीटरच्या अब्जांश भागाच्या पाच-सहा पटींइतकेच जाड असते, त्यामुळे हिशेब केला तर तो दाब मीटरमागे ३ कोटी व्होल्टच्या घरात जातो.

बाहेर साचलेल्या प्रोटॉनना परत आत यायचे असते, परंतु आवरण त्यांना सहजी वाट देत नाही. मुख्य वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून जाणारी. हे प्रथिन खरोखरच चक्रासारखे फिरते. प्रोटॉन आत शिरताना त्याचा दांडा फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी हा ऊर्जा वाहून नेणारा रेणू घडतो. पेशीतली जवळपास सर्व कामे, स्नायूचे आकुंचन असो वा मेंदूतला संदेश, या एटीपीच्या रोकडीवर चालतात. आपल्या अंगात एका वेळी एटीपी थोडेसेच असते, पण ते मोडून पुन्हा घडवण्याचा उद्योग इतका अखंड चालतो की दिवसभरात घडलेल्या एटीपीचे वजन आपल्या स्वतःच्या वजनाच्या आसपास भरते.

हे सारे कोडे उलगडणारी कल्पना पीटर मिचेल या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९६१ च्या जुलै महिन्यात मांडली. ८ जुलैला त्यांचा लेख 'नेचर' साप्ताहिकात आला आणि १२ जुलैला आपल्याकडे पानशेतचे धरण फुटले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे उघड आहे. तरीही पुणेकराला मिचेल समजावून सांगताना मला ही तारीख हमखास आठवते, कारण त्यांची कल्पना मुळात धरणाचीच आहे. उंचावर पाणी अडवायचे, त्याला टर्बाइनमधूनच खाली येऊ द्यायचे आणि वीज मिळवायची, हेच तंतुकणिकेतही घडते. त्याआधीचे संशोधक इलेक्ट्रॉनांची साखळी आणि एटीपी यांना जोडणारे एखादे रसायन वर्षानुवर्षे शोधत होते. मिचेल म्हणाले, तसे रसायन नाहीच, जोडणारी गोष्ट आहे ती आवरणापलीकडे साठलेला दाब. सुरुवातीला त्यांना पुष्कळ विरोध झाला, परंतु १९७८ मध्ये याच कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धरणाच्या भिंतीत टर्बाइनला वळसा घालणारी एखादी चोरवाट उघडली तर पाणी खाली येईल, फेसाळेल, गडगडेल, पण वीज मिळणार नाही. यूसीपी-१ ही नेमकी तशीच चोरवाट आहे. तिच्यातून प्रोटॉन परत आत येतात, एटीपी मात्र घडत नाही आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. बहुतेक सोप्या लेखांमध्ये स्पष्टीकरण इथेच थांबते. माझ्या मते ते चुकीचे नसले तरी अर्धेच आहे आणि उरलेला अर्धा भागच अधिक महत्त्वाचा आहे.

जरा विचार करू. एटीपी घडले तरी ते पुढे कुठेतरी खर्च होतेच, आणि स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या बाबतीत त्या खर्चाचाही शेवट उष्णतेतच होतो. हृदयाने रक्त ढकलले, रक्त वाहिन्यांशी घासले, उष्णता झाली. म्हणजे तेवढेच इंधन जाळले तर चोरवाट असो वा नसो, अखेरीस उष्णता जवळजवळ तेवढीच मिळते. मग यूसीपी-१ नेमके करते काय? उत्तर असे, की ते इंधन जळण्यावरचा ब्रेक काढते.

इथे धरणाची उपमा अपुरी पडते, कारण धरणात पाणी किती यावे हे पाऊस ठरवतो, धरणाची पातळी नव्हे. त्यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणावी. खालच्या हौदातून मोटर पाणी वर चढवते, टाकी भरली की मोटर थांबते आणि कोणी नळ सोडला, पातळी उतरली, की पुन्हा सुरू होते. तंतुकणिकेत मोटर बंद करणारा वेगळा फ्लोट नसतो. बाहेर प्रोटॉनचा दाब वाढला की आणखी प्रोटॉन ढकलणे जड जाते आणि साखळी आपोआप मंदावते, एवढेच. पेशीला एटीपीची गरज नसेल तर चक्र फिरत नाही, दाब चढलेला राहतो आणि कितीही अन्न समोर असले तरी ते जळत नाही. आता गच्चीवरच्या टाकीलाच कोणी भोक पाडले तर काय होईल? टाकी कधी भरणार नाही, मोटर रात्रंदिवस धडधडत राहील आणि महिनाअखेरीस विजेचे बिल पाहून सोसायटीची तातडीची सभा बोलावली जाईल. यूसीपी-१ उघडल्यावर तपकिरी मेदाच्या पेशीत हेच घडते. ऊब येते ती या बेफाम धडधडण्यातून.

एम.एस्सी.ला असताना पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि ते दृश्य मला कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक स्पष्ट आठवते. उंदराचे यकृत साखरेच्या थंडगार द्रावणात वाटून, सगळी भांडी बर्फात ठेवून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून आम्ही तंतुकणिका वेगळ्या केल्या होत्या. तळाशी बसलेला तो फिकट तपकिरी थर एका बंद कुपीत सोडायचा, तिच्यात ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड असायचा आणि बाजूच्या यंत्रावरचे पेन सरकत्या कागदावर ऑक्सिजनची रेघ ओढत राहायचे. इंधन म्हणून सक्सिनेट घातले तेव्हा रेघ किंचित कलली. एडीपी, म्हणजे एटीपी घडवायचा कच्चा माल घातला, तशी ती एकदम तिरकी होऊन खाली जाऊ लागली, आणि एडीपी संपताच पुन्हा जवळजवळ आडवी झाली. ब्रेक सोडला, ब्रेक लागला. मग सरांनी डायनायट्रोफिनॉल नावाच्या पिवळ्याधमक द्रावणाचा एक थेंब सोडला. रेघ कड्यावरून दगड सुटावा तशी खाली कोसळली आणि कुपीतला ऑक्सिजन संपेपर्यंत सरळ झालीच नाही. त्या थेंबाने टाकीला भोक पाडले होते. हा पदार्थ प्रोटॉनला आपल्या पाठीवर बसवून आवरणातून आरपार नेतो आणि त्याच्या येरझाऱ्यांना कोणाचीही आडकाठी नसते.

या पिवळ्या द्रव्याचा इतिहास सांगायलाच हवा, कारण चोरवाटेवर पहारा नसला की काय होते ते त्यातून दिसते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांमध्ये या रसायनाशी संबंध आलेल्या कामगारांना दरदरून घाम सुटे, ताप चढे, वजन उतरे आणि काही जण दगावलेही. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तेच रसायन वजन कमी करण्याचे औषध म्हणून पुढे आणले. ते खरोखरच लागू पडत असे आणि घात झाला तो त्यामुळेच. लोकांनी ते सर्रास घेतले, अनेकांना मोतीबिंदू झाला, काही जण शब्दशः अंगातल्या उष्णतेने मेले आणि १९३८ मध्ये त्याचा वापर थांबवावा लागला. त्यावर उतारा नाही. तरीही झटपट बारीक होऊ पाहणाऱ्यांना ते आजही चोरून विकले जाते.

यूसीपी-१ मध्ये आणि त्या थेंबात फरक आहे तो पहाऱ्याचा. ३०७ अमिनो आम्लांचे हे प्रथिन एरवी बंद असते, कारण पेशीत भरपूर असलेले एटीपी आणि त्याचे भाऊबंद त्याच्या तोंडात बुचासारखे बसलेले असतात. त्वचेला थंडी जाणवली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून मज्जातंतूंमार्फत तपकिरी मेदापर्यंत निरोप जातो आणि तिथे नॉरॲड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन सोडले जाते. ते पेशीवरच्या बीटा-३ नावाच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, आत काही मध्यस्थ जागे होतात आणि पेशीतले मेदाचे थेंब फुटून मेदाम्ले मोकळी होतात. ही मेदाम्लेच बुचाचा प्रभाव मोडून चोरवाट उघडतात आणि जळण्यासाठी लागणारे इंधनही तीच असतात. मला या व्यवस्थेचे फार कौतुक वाटते. जी किल्ली दार उघडते तीच शेगडीत लाकूड म्हणून जाते, त्यामुळे इंधन संपले की दार आपोआप बंद होते. मेदाम्ले प्रोटॉनला नेमकी कशी वाट करून देतात यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. मात्र २०२३ मध्ये मानवी यूसीपी-१ ची त्रिमितीय रचना समोर आली तेव्हा एटीपीचे बूच कुठे बसते ते तर दिसलेच, शिवाय आमच्या त्या पिवळ्या द्रव्याचा रेणूही याच प्रथिनाच्या पोकळीत बसू शकतो असे आढळले.

तपकिरी मेदाचा तपकिरी रंगही या कामातूनच आलेला आहे. पांढऱ्या चरबीच्या पेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो आणि बाकी सारे कडेला ढकललेले असते. तपकिरी पेशीत लहान लहान अनेक थेंब असतात आणि त्यांच्यामध्ये तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात, ज्यांच्यातल्या लोहयुक्त प्रथिनांचा रंग ऊतीला चढतो. भोवती रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, कारण ऑक्सिजन आणायचा असतो आणि तापलेले रक्त बाकीच्या शरीरात पोहोचवायचे असते. मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यातली ही ऊती कॉनराड गेसनर यांनी १५५१ मध्येच नोंदवली होती, पण ती उष्णतेसाठी आहे हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले आणि त्यामागचे प्रथिन तर १९७० च्या दशकात हाती लागले. डुकराच्या पूर्वजांमध्ये या प्रथिनाचे जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वीच मोडले, म्हणून त्याची पिल्ले थंडीत थरथरतात आणि डुकरीण विण्याआधी गवतकाटक्यांचे घरटे करते.

मोठ्या माणसांमध्ये तपकिरी मेद उरतच नाही, असे आम्हाला शिकवले गेले होते आणि पुढे मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवले. ते चूक होते. कर्करोगाच्या तपासणीसाठी पेट स्कॅन करताना रुग्णाला किरणोत्सारी ग्लुकोज देतात आणि जिथे ते जास्त ओढले जाते तो भाग चित्रात उजळतो. काही रुग्णांच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, गळपट्टीच्या हाडांच्या वर, असा उजेड दिसे आणि गाठ नसतानाही गाठीचा संशय येई. खोली उबदार ठेवली, रुग्णाला पांघरूण दिले, की तो उजेड मावळे. २००९ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी दाखवून दिले की हा उजेड तपकिरी मेदाचा आहे. त्यांपैकी एका गटाने जुने स्कॅन तपासले, तर १,९७२ रुग्णांपैकी ७.५ टक्के स्त्रियांमध्ये आणि ३.१ टक्के पुरुषांमध्ये तो आढळला. दुसऱ्या गटाने २४ पुरुषांना मुद्दाम १६ अंश तापमानात बसवले, तेव्हा २३ जणांमध्ये तो जागा झाला. वजन जास्त असलेल्यांमध्ये तो कमी सक्रिय दिसला. शिवाय दीर्घकाळ थंडी सोसल्यास पांढऱ्या चरबीतल्याच काही पेशी यूसीपी-१ घडवू लागतात आणि त्यांना बेज पेशी म्हणतात.

१९९७ मध्ये यूसीपी-१ च्या कुटुंबात दोन भावंडांची भर पडली, ती म्हणजे यूसीपी-२ आणि यूसीपी-३. रचनेत ती यूसीपी-१ शी निम्म्याहून अधिक जुळतात. यूसीपी-२ प्लीहा, फुप्फुस, स्वादुपिंड, रोगप्रतिकारक पेशी अशा पुष्कळ ठिकाणी सापडते, तर यूसीपी-३ मुख्यतः स्नायूंमध्ये. साहजिकच त्या वेळी मोठी आशा निर्माण झाली, कारण स्नायू म्हणजे शरीराचा केवढा तरी हिस्सा, आणि तिथे उष्णतेची चोरवाट उघडता आली तर लठ्ठपणाचा प्रश्नच मिटला! पण हिशेब जुळेना. उपाशी ठेवलेल्या प्राण्याने ऊर्जा वाचवायची असते, आणि नेमके उपासातच स्नायूंमधले यूसीपी-३ वाढत असे. शिवाय ही दोन्ही प्रथिने आपापल्या ऊतींमध्ये इतकी थोडी असतात, तपकिरी मेदातल्या यूसीपी-१ च्या शेकडो पटींनी कमी, की त्यांच्यावर शेगडी चालणे कठीणच. उंदरांमधले यूसीपी-१ चे जनुक काढले तर ते थंडीत गारठतात. यूसीपी-२ किंवा यूसीपी-३ काढले तर थंडी सोसण्यात तसा फरक पडत नाही.

मग ती करतात काय? एक मत असे की प्रोटॉनचा दाब फार चढला की इलेक्ट्रॉन साखळीतून निसटून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार करतात आणि ही प्रथिने दाब थोडासा उतरवून ते टाळतात, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे. दुसरे मत असे की यूसीपी-२ मुळात प्रोटॉनसाठी नसून मॅलेट, ॲस्पार्टेटसारखे छोटे रेणू तंतुकणिकेबाहेर नेते आणि पेशीने साखर जाळावी की दुसरे काही, हे त्यातून ठरते. २०१४ पासून या मताला चांगला प्रायोगिक आधार मिळाला आहे आणि माझा कलही तिकडेच आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशी रक्तातली साखर ओळखतात ती एटीपीच्या पातळीवरून. यूसीपी-२ नसलेल्या उंदरांमध्ये इन्सुलिन जास्त स्रवते, असे २००१ मध्ये आढळले तेव्हा मधुमेहावर नवा इलाज सापडल्याची चर्चा झाली. पुढे वेगळ्या वंशाच्या उंदरांमध्ये निकाल उलटा आला. एका नावाखाली तीन प्रथिने बसवली गेली आणि नावावरून काम गृहीत धरले गेले, हा घोटाळा या क्षेत्राला पुष्कळ महागात पडला आहे.

पुण्यात या विषयाला एक जवळचा धागा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'बारीक पण चरबीदार' शरीरठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ही पांढऱ्या चरबीची गोष्ट झाली. तपकिरी मेदाबाबत २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या १२ आणि गोऱ्या १२ निरोगी, सडपातळ तरुणांची तुलना झाली, तेव्हा दक्षिण आशियाई गटात तपकिरी मेद कमी आढळला आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्चही कमी भरला. चोवीस माणसांच्या अभ्यासावरून सगळ्या उपखंडाविषयी बोलू नये, पण प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

ती चोरवाट औषधाने उघडता येते का, हेही तपासून झाले आहे. मिराबेग्रॉन हे वारंवार लघवी होण्याच्या तक्रारीवरचे औषध बीटा-३ ग्राहीवर काम करते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ते १२ निरोगी तरुणांना दिले गेले, तेव्हा त्यांचा तपकिरी मेद स्कॅनमध्ये उजळला आणि विश्रांतीतला खर्च दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरीने वाढला. पण त्यासाठी नेहमीच्या ५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम द्यावे लागले, आणि त्या मात्रेला हृदयाचे ठोकेही वाढले.